शेपटीची खूण ओळखा: शेळीचा माज, बोकड आणि पाच महिन्यांचा हिशेब



गटाच्या बैठकीत शेळीची किंमत, चारा, लसीकरण यावर आपण मोकळेपणाने बोलतो. पण शेळी भरवण्याचा विषय निघाला की कुणी पदर तोंडाला लावतं, कुणी शेजारणीला कोपर मारतं आणि गाडी पुन्हा हप्त्यावर येते. खरं तर हप्ता याच विषयातून निघतो. अंतर्गत कर्ज उचललं, शेळी दारात बांधली, पण ती वेळेवर गाभण राहिली नाही, तर करडू नाही, दूध नाही आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला उभा. म्हणून हा पाठ लाज बाजूला ठेवून वाचा. एकीने मोठ्याने वाचला आणि बाकीच्यांनी ऐकला तर आणखी चांगलं.

एकवीस दिवसांचं घड्याळ

शेळीच्या गर्भपिशवीच्या दोन्ही अंगांना एकेक अंडाशय असतं. त्यात पाण्याच्या फोडासारखा एक फुगवटा वाढतो आणि त्यात बीज पिकतं. बीज पिकत आलं की फुगवट्यातून एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात उतरतं आणि शेळीचं वागणं बदलतं. यालाच आपण माज म्हणतो. माज संपत आला की फोड फुटतो आणि बीज बाहेर पडतं. ते फार तर दिवसभर टिकतं. तेवढ्या वेळात बोकडाचं वीर्य तिथे पोचलेलं असलं तर शेळी फळते, नाही तर नाही.

फुटलेल्या फोडाच्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिचं काम गर्भपिशवी शांत ठेवण्याचं. गर्भ राहिला असेल तर त्याला इथे आसरा मिळावा, म्हणून ही गाठ नवा माज येऊ देत नाही. साधारण १६-१७ दिवस गर्भपिशवी वाट बघते. गर्भ नाही असं दिसलं की ती स्वतःच एक निरोप पाठवून ती गाठ विरघळवते. मग नवा फोड वाढतो आणि २१ व्या दिवसाच्या आसपास शेळी पुन्हा माजावर येते. गर्भ असेल तर तोच हा निरोप अडवतो. गाभण शेळी पुन्हा माज दाखवत नाही ती यामुळे.

हे नीट समजून घेतलं तर एक मोठं नुकसान टळतं. शेळ्या एकाच वेळी माजावर आणण्यासाठी जे इंजेक्शन मिळतं, ते गर्भपिशवीच्या त्या निरोपाचंच काम करतं. ते पिवळी गाठ विरघळवतं. शेळीचा गर्भ पूर्ण पाच महिने त्या गाठीच्याच आधारावर उभा असतो. तेव्हा गाभण शेळीला चुकून हे इंजेक्शन दिलं गेलं तर ती गाभडते. कुणी म्हणालं, 'शेळी माजावर येत नाही, इंजेक्शन टोचून घेऊ,' तर आधी एकच प्रश्न विचारा: ती गाभण नाही याची खात्री कुणी केली? बोकड कळपात मोकळा फिरत असेल तर हा प्रश्न दोनदा विचारा. आणि हे औषध कातडीतून अंगात जातं. घरातल्या गरोदर बाईने किंवा दम्याचा त्रास असलेल्या कुणी त्याला हातसुद्धा लावू नये. इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यावं, दुकानातून आणून घरी टोचू नये.

माज ओळखायचा कसा

सगळ्यात सोपी खूण शेपटीची. माजावरची शेळी शेपटी सारखी हलवते, थरथरवते. थांबून थांबून ओरडते, चारा टाकते, दूध कमी देते, सारखी लघवी करते. दुसऱ्या शेळीवर चढते किंवा तिला चढू देते. निरण सुजल्यासारखं लालसर दिसतं आणि त्यातून काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट येतो. माज संपत आला की हाच सोट पांढरट आणि घट्ट होतो. ओरडणारी प्रत्येक शेळी माजावर असतेच असं नाही. भुकेली शेळीही ओरडते. पण भुकेली शेळी चारा बघून गप्प बसते, माजावरची बसत नाही.

घरी बोकड नसेल तर एक जुनी युक्ती आहे. गावातल्या जाणत्या बोकडाच्या डोक्यावर, शिंगांच्या मागे एक फडकं जोरात चोळा, म्हणजे त्याचा वास त्यात उतरतो. ते झाकणाच्या बरणीत बंद करून ठेवा. संशय आला की झाकण उघडून शेळीच्या नाकाशी धरा. माजावरची शेळी हुंगत राहते, शेपटी हलवते. बाकीच्या तोंड फिरवतात.

शेळीचा माज साधारण दीड दिवस टिकतो, काहींचा दोन दिवस. बीज शेवटी शेवटी सुटतं, म्हणून खूण दिसल्या दिसल्या घाई करून नेलं तर फायदा कमी. सकाळी खूण दिसली तर संध्याकाळी भरवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. दोनदा भरवण्यात कंटाळा करू नका. बोकडवाल्याकडे जायला लाज वाटते म्हणून एकदाच नेऊन आणणाऱ्या खूप जणी आहेत. काही घरांत 'हे पुरुषांचं काम' म्हणून मालक गावाहून परत येईपर्यंत थांबतात. तोवर बीज सुटून वाया गेलेलं असतं. शेळीला पाणी दाखवणारी, धार काढणारी, बांधणारी तुम्ही. पहिली खूण तुम्हालाच दिसणार. मग न्यायचं कधी हेही तुम्हीच ठरवायला हवं.

आता हिशेब. १ जूनला शेळी भरवली असं समजा. २२ जूनच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन दिवस तिच्यावर नजर ठेवा. परत माजावर आली, म्हणजे उलटली, तर पुन्हा भरवा. आली नाही तर बहुतेक गाभण आहे. शेळीचे दिवस १५०, पाच इकडे पाच तिकडे. म्हणजे २९ ऑक्टोबरच्या आसपास ती व्यायला हवी. त्या वेळी रानात हिरवं असतं, आईला दूध असतं, करडं लवकर अंग धरतात. नीट लक्ष ठेवलं तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. दर वेताला एकेक माज हुकत गेला तर तिसरं वेत दोन वर्षांत बसत नाही. कागदावर २१ दिवस काहीच वाटत नाहीत, पण त्या दिवसांत शेळी खायचं थांबत नाही.

लागोपाठ तीन वेळा उलटली तर शेळीला वांझ ठरवून बाजार दाखवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि बोकडही तपासा. बोकडाला जोराचा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दीड-दोन महिने त्याच्या वीर्यात दम नसतो, कारण नवं वीर्य तयार व्हायला तेवढा काळ लागतो. दोष बोकडाचा आणि बाजार शेळीला, असं पुष्कळदा होतं. (बायकांच्या बाबतीत काय होतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.)

भरवण्याच्या आधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलोपर्यंत भरडा वाढवून दिला तर जुळ्यांची शक्यता वाढते. तसंच शेवटच्या दीड महिन्यात खुराक पुन्हा वाढवा. पोटातल्या करडाचं बहुतेक वजन याच काळात वाढतं. पाठ १० महिन्यांची आणि २० किलोच्या पुढे गेल्याशिवाय भरवू नका. अंगाने कच्ची असली तर पहिल्याच वेताला अडते.

बोकड म्हणजे अर्धा कळप

एका शेळीची करडं मोजून तीन-चार, पण एका बोकडाची करडं गावभर. म्हणून शेळी निवडताना जेवढं बघता त्याच्या दुप्पट बोकड बघा. आपल्याकडे होतं उलटं. जो बोकड भराभर वाढतो, अंगाने भरलेला असतो, त्याला बकरी ईदला चांगला भाव मिळतो आणि तो आधी जातो. मागे उरतो तो विकला न गेलेला, किरकोळ. तोच पुढच्या वर्षी कळपाचा बाप होतो. चार-पाच वर्षं असंच चाललं की बाया म्हणतात, 'पहिल्यासारखी करडं होत नाहीत.' चारा तोच आहे, बाप बदलला आहे.

दुसरी गोष्ट नात्याची. एकच बोकड तीन-चार वर्षं ठेवला तर तो स्वतःच्या लेकींना भरवतो. अशा संबंधातून करडं कमी वजनाची होतात, जास्त मरतात, कधी व्यंग घेऊन जन्माला येतात. म्हणून दर दोन वर्षांनी बोकड बदला. आणि नर करडं तीन-चार महिन्यांची झाली की वेगळी बांधा किंवा खच्ची करून घ्या. 'अजून लहान आहे' म्हणता म्हणता ते बहिणीला भरवून मोकळं होतं.

एका जाणत्या बोकडाला २५ ते ३० शेळ्या पुरे. एकेका घरात दोन-तीनच शेळ्या असतात, तिथे प्रत्येकीने बोकड पाळणं परवडत नाही. पण दहा जणींचा गट असेल तर शेळ्या तेवढ्याच होतात. म्हणजे बोकड हा गटाचाच विषय. गटाने मिळून एक बोकड घ्यावा, सांभाळणारीला दर शेळीमागे ठरलेली रक्कम द्यावी आणि दोन वर्षांनी तो शेजारच्या गावातल्या गटाशी बदलावा. दोन्ही गावांना नवं रक्त मिळतं आणि पैसा जास्त जात नाही. बदलण्याआधी डॉक्टरांकडून रोग तपासून घ्या, नाही तर नव्या रक्ताबरोबर जुना आजारही येतो.

बोकड घेताना त्याची आई बघायला मागा. मराठवाड्यातली उस्मानाबादी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे. जुळ्यातला बोकड निवडलेला चांगला, पण त्याच्या आईने ती दोन्ही करडं स्वतःच्या दुधावर जगवली का, हे जास्त महत्त्वाचं. आणि परभागातल्या मोठ्या, देखण्या जातीच्या नादाला लागताना आपला पाऊस, आपलं रान बघा. नगर-नाशिककडे संगमनेरी, कोकणात कोकण कन्याळ, विदर्भात बेरारी. या जाती त्या त्या मातीत टिकल्या आहेत, त्याला कारण आहे.

बैठकीत हमखास येणारा प्रश्न: नर-मादी जुळं झालं तर त्यातली मादी वांझ निघते का? गाईच्या बाबतीत हे खरं आहे. दोघांचं रक्त पोटात एकमेकांत मिसळतं आणि अशा दहातल्या नऊच्या वर कालवडी वांझ निघतात. शेळीत असं क्वचितच होतं. तेव्हा जुळ्यातली पाठ बिनधास्त ठेवा.

फलटणची मेंढी

जुळ्यांवरून आठवलं. आपली दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते. बंगालमध्ये सुंदरबनच्या दलदलीत गारोल नावाची बुटकी मेंढी आहे. ती अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्या रक्तात एक खास जनुक आहे. त्यामुळे अंडाशयात एकाऐवजी दोन-तीन बीजं पिकतात. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलचं हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं. अनेक पिढ्यांच्या संकरातून अंगाने दख्खनी, पण जुळी देणारी मेंढी तयार केली आणि तिला 'नारी सुवर्णा' नाव दिलं. आता रक्त तपासून कुठल्या मेंढीत हे जनुक आहे ते सांगता येतं, डोळ्यांनी अंदाज बांधावा लागत नाही.

यात मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. आई आणि बाप दोघांकडून जनुक आलं तर कोकरांची संख्या जास्तच वाढू शकते, आणि दुधाला दोनच सडं. कोकरं अशक्त होतात, मरतात. म्हणून मेंढपाळांच्या कळपात एकाच बाजूने जनुक आलेली, साधारण जुळ्यांवर थांबणारी मेंढी बरी. जास्त पिल्लं म्हणजे जास्त नफा असं नाही. दोन जन्मली आणि दोन्ही जगली, तर नफा.

उंटीण मात्र वेगळीच

खानदेशात, विदर्भात तुम्ही कच्छकडचे रबारी पाहिले असतील. मेंढरांचा कळप, आणि उंटांवर खाटा, भांडी, वर बसलेली पोरं. त्यांची उंटीण आपल्या शेळीसारखी २१ दिवसांचं घड्याळ पाळत नाही. तिच्या अंडाशयातला फोड वाढतो, पिकतो, पण आपणहून फुटत नाही. नराशी मिलन झालं तरच साधारण दीड दिवसाने बीज सुटतं. मिलन झालं नाही तर फोड तसाच विरतो आणि नवा वाढू लागतो.

बीज सुटायला नेमकं काय कारण होतं, हे बरीच वर्षं कोडं होतं. उत्तर नराच्या वीर्यातच सापडलं. त्यातल्या पातळ भागात एक प्रथिन असतं. ते मादीच्या रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचतं आणि मेंदू बीज सोडायची आज्ञा देतो. हे प्रथिन कोणतं ते २०१२ साली ओळखलं गेलं. गंमत अशी की मज्जातंतूंच्या वाढीसाठी शरीर जे प्रथिन वापरतं, तेच हे निघालं.

राजस्थानात उंटाचा हंगाम थंडीचा. त्या दिवसांत नर तोंडातून लाल फुग्यासारखं काहीतरी बाहेर काढतो, फेस गाळतो, चारा सोडतो आणि चावरा होतो. उंटीण बसून भरते. दिवस जवळजवळ १३ महिने, म्हणजे दोन वर्षांत एक पिल्लू. आणि शेपटीची खूण तर आपल्या बरोबर उलटी! शेळीने शेपटी हलवली तर माज. उंटीण नर जवळ आल्यावर शेपटी ताठ वर करते ती गाभण असताना. राजस्थानचे राईका या खुणेवरून सांगतात की पोटात आहे की नाही.

एवढी सावकाश वाढणारी जात एकदा घटू लागली की सावरायला वेळ लागतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख राहिले. बिकानेरला १९८४ पासून उंटांवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. पण गाईसारखं कृत्रिम रेतन उंटात सोपं नाही. वीर्य चिकट असतं, आणि मादीला बीज सोडण्यासाठी वेगळं औषध द्यावं लागतं. शेळीचं घड्याळ दर २१ दिवसांनी परत येतं, ही केवढी सोय आहे ते उंटिणीकडे बघून कळतं.

गाय-म्हशीचं थोडक्यात

गाईचं चक्र २१ दिवसांचंच, पण माज जेमतेम १२ ते १८ तास. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर विशेष. ती ओरडेलच असं नाही. पहाटे गोठ्यात जाताना ती बसली होती ती जागा बघा, सोट पडलेला दिसतो. उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी मारलं, सावली दिली, तर माज उघड दिसायला मदत होते. गाईचे दिवस सव्वानऊ महिने, म्हशीचे दहाच्या वर.

गाभडली तर उघड्या हाताने नाही

शेळी, गाय, म्हैस दिवस भरण्याआधी गाभडली, किंवा वार पडली नाही, तर कारण ब्रुसेलोसिस असू शकतं. हा रोग माणसालाही होतो. वर-खाली होणारा ताप, सांधे धरणं, रात्रीचा घाम, आणि महिनोन्‌महिने निदानच होत नाही. लागण होते ती गाभडलेलं पिल्लू, वार आणि घाण उघड्या हाताने उचलल्याने, किंवा कच्चं दूध प्यायल्याने. गोठा आपण झाडतो, वार आपण उचलतो, म्हणून धोका आपल्यालाच जास्त. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला. खोल खड्डा करून चुन्यासह पुरा. कुत्र्यापुढे टाकू नका. गरोदर सून किंवा लेक असेल तर तिला गोठ्यात जाऊ देऊ नका. दूध उकळूनच वापरा. कालवडी आणि पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच या रोगाची लस देतात, ती चुकवू नका. आणि ताप हटत नसेल तर दवाखान्यात सांगा की घरी जनावर गाभडलं होतं. डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्ही सांगायचं.

शेवटी वही. दर शेळीला एक पान द्या. माज दिसला ती तारीख, भरवली त्या दोन्ही वेळा, बोकड कुणाचा, २१ व्या दिवसाची तारीख, १५० व्या दिवसाची तारीख, करडं किती झाली आणि तीन महिन्यांनी किती उरली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या, किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेपटीचं चित्र काढा. बोकडाच्या कानात बिल्ला असेल तर त्याचा नंबरही टिपून ठेवा. दोन वर्षांनी बोकड बदलताना कुठली पाठ कुणाची लेक, हे त्याच पानावरून कळेल.